थोरलीचं मागचं दार

"माणूस खोटा चालेल, दार खरं पाहिजे," असं माझी आत्या नेहमी म्हणायची. रहस्यकथा लिहायची, आपल्याच पैशानं छापायची आणि पिशवीत घालून दुकानोदुकानी पोचवायची. प्रकाशकांचे उंबरे तिनं कधी झिजवले नाहीत.

पहिला खर्डा ती मोकळ्या वासरासारखा उधळू द्यायची, मग हळूहळू दावं आवळायची. मी वाचून दाखवायचे आणि ती डोळे मिटून ऐकायची. खोटं वाटलं की टेबलावर बोट आपटायची. या खेपेला बोट आपटलं ते खुनी घरात शिरतो तिथं.

"हे दार मी पाहिलेलं नाही. काढ."

त्या जागी तिनं आपल्या थोरल्या बहिणीचं मागचं दार घातलं. फटीतून फूटपट्टी सरकवली की त्याची आतली कडी अलगद उचलली जायची. थोरली तिथं एकटीच राहायची.

पुस्तक हातोहात खपलं.

मग एका सकाळी थोरली हसत आली. "अगं, गंमत ऐक. काल बाजारातून परतले तर मागचं दार सताड उघडं! नेलं म्हणशील तर चमचासुद्धा नाही. उलट ओट्यावर फूटपट्टी ठेवून गेलंय कोणीतरी."

आत्यानं हातातली बशी खाली ठेवली. "ताई, माझं नवं पुस्तक वाचलंस?"

"छे बाई! तुझं वाचलं की झोप उडते माझी."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. पुस्तकातला खुनी पहिल्यांदा येतो तेव्हा घर रिकामं असतं. तो कडी उचलून बघतो आणि काही न नेता निघून जातो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा बाई घरात असते.

"मी येते तुझ्याकडे राहायला. आजच," आत्या म्हणाली.

"ये की. पण माझं घोरणं छापलंस तर बघ!"

आत्यानं पिशवीतली पुस्तकं काढून ठेवली आणि तिच्यात एक नवी जाड कडी टाकली. दोघी निघाल्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं हाक मारली, "आत्याबाई, कमाल केलीत! ते दार तर डोळ्यांसमोर उभं राहिलं!"

एरवी कौतुक ऐकायला ती हटकून थांबायची. आज तिनं बहिणीचा दंड घट्ट धरला आणि पाऊल उचललं. मी उंबऱ्यातून पाहत होते. दुकानादुकानांतून तिचे वाचकही पाहत होते.