कुंदनच्या मापाची फ्रेम

वर्षालीला आयुष्यात एकच फ्रॉक मिळाला, तोही मामाकडून. घरात तिला शर्टच. तिच्या पाठीवर कुंदन होता, आणि बडनेऱ्याजवळच्या या फुलमाळ्याच्या घरात मुलीसाठी घ्यायची वस्तू उद्या मुलाच्या अंगावर उतरेल अशीच घ्यायची रीत होती. स्वेटर निळा, चप्पल पट्ट्याची, घड्याळ मोठ्या तबकडीचं. मुलगी जाणार, मुलगा राहणार, तेव्हा माप राहणाऱ्याचं धरायचं. हे कोणी दुष्टपणाने करत नव्हतं. दुष्टपणा असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

रीत सांभाळणारे होते मोठेबाबा, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ जानराव. वडील ती शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून शेवंतीचं वावर, झेंडूचा बाजार, घरातली लहानमोठी खरेदी, सगळं मोठेबाबांच्या हाती. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, आणि आपलं कधी चुकू शकतं ही शंका त्यांना जन्मात शिवली नाही.

वर्षाली अमरावतीच्या एका शाळेत तासिकेवर खेळ शिकवायला लागली आणि तिथल्या सायकलवाल्या मंडळींत जाऊन तिने रोड सायकलचं वेड लावून घेतलं. वऱ्हाडात सायकल चालवायची ती हिवाळ्यात. उन्हाळ्यात इथे डांबर पाघळतं, पावसाळ्यात काळी माती चाक सोडत नाही. म्हणून मंडळींची मोठी फेरी थंडीतच निघे: अमरावतीहून अकोला आणि परत, दोनशे किलोमीटर, ठरलेल्या वेळेच्या आत. दोन हिवाळे ती मूर्तिजापूरहून मागे फिरली होती. तिसऱ्या हिवाळ्यात पूर्ण करायचीच, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि दसऱ्याच्या घाईत कुंदनने तिच्या सायकलवर झेंडूची पोती लादून बाजाराला नेली. पोती पोचली. फ्रेम पायडलच्या वर तडकली.

चाकं शाबूत, गिअर शाबूत. हवी होती फक्त फ्रेम. कार्बनच्या फ्रेमचं नाव काढण्यासारखी तासिकेवरच्या बाईची मिळकत नव्हती. तिला स्टीलचीच हवी होती, तडकली तर कुठल्याही गावात वेल्डिंगवाला सापडतो म्हणून. चाक आणि फ्रेम यांच्यात बोटभर मोकळी जागा हवी होती, कारण हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी सुटलं की ट्रॅक्टर वावरातला चिखल रस्त्यावर आणतात आणि तो ब्रेकात जाऊन बसतो. आणि सगळ्यात आधी फ्रेम लहान हवी होती. ती बुटकी होती, त्यात लाजायचं काही नाही.

अकोल्याला किसनराव म्हणून एक जण वापरलेल्या सायकलींचं सामान विकतो. त्याच्याकडे दोन फ्रेमा आल्याचं कळलं. ती एकटीच जाणार होती, पण मोठेबाबांनी टोपी चढवली.

"पैशाची वस्तू आहे. पोट्टीले कोनी बी फसवते."

पैसे पोट्टीचे होते. असो.

किसनरावाने दोन्ही फ्रेमा बाहेर काढल्या. एक राखाडी, लहान. दुसरी लाल, मोठी. दोन्ही स्टीलच्या, दोन्हींत चिखलापुरती जागा, भाव सारखाच. त्याने वर्षालीला राखाडी फ्रेमचा दांडा दोन पायांत घेऊन उभं केलं. पाय टेकले.

"ताई, हे तुमचीच आहे," तो म्हणाला.

मोठेबाबांनी एका हातात राखाडी उचलली, दुसऱ्या हातात लाल, आणि तोलून पाहिल्या.

"भाव एकच?"

"एकच, काका."

"मंग तेवढ्याच पैशात हे एवढुसं लोखंड कायले घ्याचं? लाल दे."

"मोठेबाबा, मले मोठी होते ते," वर्षाली म्हणाली.

"सीट खाली घे."

"सीट खाली होते, काका. दांडा आखूड नाई होत," किसनराव म्हणाला. "हात लांब पडतीन ताईचे."

"तरणे हात हायेत, पोचतीन. अन् तू काय जलमभर इथं राहून राहिली का? लग्न झालं का सायकल घेऊन जाशीन सासरी? कुंदनच्या टांगा पाह्य कशा वाढून राहिल्या. त्याच्या कामी यीन."

तिने लालचे पैसे मोजले. आता कोणी म्हणेल, शिकलेली पोरगी, स्वतःची कमाई, तोंड का नाही उघडलं. म्हणणाऱ्याने आधी पहाटेच्या अंधारात घरातली मुलगी एकटी हायवेवर पाठवून दाखवावी. मोठेबाबा पाठवत होते. शेजारपाजारचे बोलत, तरी पाठवत होते. फ्रेमवरून वाद घातला असता तर फ्रेम मिळाली असती आणि पहाट गेली असती. तिने पहाट ठेवली. हिशेब बरोबर होता, फक्त हिशेबात शरीर धरलेलं नव्हतं.

घरी आल्यावर जमेल तेवढं केलं. सीट पार खाली, जेवढी पुढे सरकेल तेवढी पुढे, हँडलची मान आखूड. तरी ब्रेकपर्यंत बोटांची फक्त टोकं पोचत. माणिकबाई, तिची आई, अंगणातून बघत होती.

"ओणवी होऊन चालल्यासारखी दिसतं वं," ती म्हणाली.

"दिसू दे."

फेरीच्या दिवशी थंडी कडक होती. अकोल्याचा रस्ता तेव्हा खोदून ठेवलेला, अर्धा मुरूम, अर्धा खड्डा. सगळा भार हातांवर येत होता. मूर्तिजापूरच्या पुढे करंगळ्या बधिर झाल्या, अकोल्यात चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. पण ती अकोल्याला वेळेत पोचली होती, आणि फिरताना पहिल्यांदाच वाटलं की हे होणार. परतीला मूर्तिजापूरच्या अलीकडे एका वावरातून कापसाची ट्रॉली सरळ रस्त्यावर आली. ट्रॉली तिला दिसली, आणि पुरेशी लांब होती. बोटांनी ब्रेक ओढला नाही, एवढंच. बोटं तिथे होती, पण तिची नव्हती. ती ट्रॉली चुकवून शेतात गेली आणि उजव्या मनगटावर पडली.

मोठेबाबा दवाखान्यात आले. डोक्यावरून हात फिरवला, प्लास्टर पाहिलं, आणि म्हणाले, "म्हनून म्हनतो, पोरीच्या जातीले हे काम नाई." पहाट त्या दिवशी गेली. लाल फ्रेमबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सायकल चांगली मजबूत निघाली, तिला ओरखडाही नव्हता.

कुंदन तीन-चारदा तिच्यावर बसला. म्हणाला, पाठ दुखते. मग त्याने मोटारसायकल घेतली, मग पुण्याला नोकरी, मग तिकडचीच बायको. टांगा खरोखर लांब झाल्या होत्या, पुण्यापर्यंत गेल्या. वर्षालीची स्थळं आली आणि गेली. पगार तासिकेचा, मनगट वाकडं जुळलेलं, आणि त्यात सायकलवाली म्हणून नाव. जी जाणार होती ती राहिली. लाल फ्रेम फुलांच्या शेडमध्ये आढ्याला लटकली आणि तिच्यावर हारांचे दोरे सुकत राहिले. वर्षाली आता चाळिशीला आली, बाजार तीच बघते. मोठेबाबा खाटेवर असतात, त्यांचा शौचाचा डबा तीच धुते.

गेल्या दिवाळीनंतर ती एकटी अकोल्याला गेली. किसनरावाने ओळखलं.

"लाल फ्रेमवाल्या ताई ना? चालली का?"

"नाही चालली. ती राखाडी?"

"ते तं तवाच गेली. एक वकीलीनबाई आपल्या पोरीले घेऊन आल्या होत्या, उभी करून पाहिली अन् नेली."

दुसरी एक लहान होती, हिरवी, रंग उडालेली. वर्षाली दांडा दोन पायांत घेऊन उभी राहिली, पाय टेकले, पैसे दिले. याला इतकाच वेळ लागतो.

घरी तिने जुनी चाकं चढवली. मोठेबाबांनी खाटेवरून हात लांबवून दांडा चाचपला, वितीने मापला.

"बारकी हाये. कुंदनच्या पोराले नाई पुरनार पुढं."

कुंदनचं पोरगं दोन वर्षांचं, आणि एकदाच इथे आलेलं.

"माझ्यासाठी आहे," ती म्हणाली.

"तुले कायले? तू काय इथं..." मोठेबाबा म्हणाले, आणि तिथे थांबले. तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं की नाही कोण जाणे. मग म्हणाले, "पानी आन."

तिने पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती निघाली. विचारायचं कुणाला नव्हतंच. रस्ता आता गुळगुळीत झालाय, सायकल अंगाला बसली होती, बोटं ब्रेकवर आरामात. मूर्तिजापूरपर्यंत सुरेख गेली. तिथे मनगटात कळ आली ती खांद्यापर्यंत चढली. तिने चहा डाव्या हाताने प्यायला, अकोल्याकडे जाणारा रस्ता थोडा वेळ पाहिला, आणि सायकल वळवली. बाजाराला हार पोचवायचे होते.