मुखेडच्या बाजारात सापडलेलं पिस्तुल

गेल्या आठवड्यात मित्राचा साखरपुडा हुकला, पण एक पिस्तुल सापडलं... घाबरू नका, लाकडाचं आहे.

त्याच साखरपुड्यासाठी लातूरहून देगलूरला निघालो होतो. मुखेडला एसटी दहा मिनिटं थांबणार होती. आठवडी बाजार भरलेला, भज्यांचा वास आला, उतरलो... आणि मी मध्येच कुठं उतरलो की जे नेहमी होतं तेच झालं. गाडी गेली.

आता आधी पिस्तुलाचं सांगतो. बी.ए. अर्धवट सोडल्यापासून चिकाटीनं मी एकच काम केलंय... ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या जमान्यातली एक हेरगिरीची मालिका हल्ली नेटवर आलीय, तिच्यातली हत्यारं ओळखायचा आमचा ग्रुप आहे. फ्रेम थांबवायची, झूम करायची, भांडायचं. व्हिलनच्या टोळीची पिस्तुलं तर आम्ही कधीच पकडली... दिवाळीत टिकल्या फोडायची, काळा रंग मारलेली!

अडलं होतं फक्त हिरोचं. अकराव्या भागात तो ते टेबलावर ठेवतो आणि सेकंदभर मूठ दिसते. मुठीवर दोन तिरक्या रेघा, खाली एक टिंब. कुणी म्हणे जर्मन, कुणी म्हणे झेक... पुण्याच्या एका सरांनी तर त्या खुणेवरून परदेशातला कारखानाच शोधून काढला होता. पण तसली मूठ कुठल्याच पुस्तकात सापडेना.

तर, मुखेड. भजी खात फिरताना एका पोत्यावर कुऱ्हाडीचे दांडे आणि खुरप्याच्या मुठी मांडलेल्या दिसल्या. मागं सत्तरीचे एक सुतारमामा काचकागदानं मूठ घासत बसलेले, शेजारी मामी गिऱ्हाईक सांभाळत. मला काय घ्यायचं नव्हतं, उगाच एक मूठ उचलली... अंगठ्याला काहीतरी लागलं. दोन तिरक्या रेघा. खाली टिंब.

भजं हातातच राहिलं.

"मामा, ही खूण कसली?"

"घरची हाय. आज्यापासूनची. आमच्या घरच्या दर तिफणीवर, दर दांड्यावर असती. मोडलं तर आमच्याच दारात यावं म्हणून."

मी जरा दम घेऊन विचारलं, "मामा... तुम्ही कधी पिस्तुल केलंय का?"

मामांचा हात थांबला. मामींनी कपाळावर हात मारला. "झालं! तुला कोणी धाडलं रे हितं? चाळीस वर्षं झाली, सारा बाजार हसून राहिलाय ह्यांना. आता कुठं सांगायचं बंद केलंय, तर तू आला उकरायला!"

मग हळूहळू कळलं. मामा जवानीत मुंबईला स्टुडिओत सुतारकाम करायचे, सेटचे दरवाजे-खिडक्या. एकदा हिरोसाठी पिस्तुल बनवलं म्हणून गावी येऊन सांगितलं. तेव्हा गावात टीव्हीच नव्हता, मालिका कुणी पाहिलीच नाही. तेव्हापासून त्यांचं नावच पडलं, पिस्तुल्या. पोरं बंदुकीसारखं बोट रोखून ठो करायची म्हणे. मामींनी पण कधी खरं मानलं नव्हतं. "आमच्या मालकाची एकच कॅसेट," असं त्या मलाच सांगत होत्या... मामांच्या समोर.

मी मोबाईलमधला स्क्रीनशॉट दाखवला. मामी म्हणाल्या, "फोटोत आजकाल काय बी करतेत."

बरोबर होतं त्यांचं. मग व्हिडिओ लावला, तर बाजारात नेट कुठलं... गोल फिरतंय, फिरतंय. मामा बघत नव्हते. खाली मान घालून तीच मूठ पुन्हा पुन्हा घासत होते. इतका वेळ मी गमतीत होतो, पण तेव्हा मात्र लक्षात आलं... नाही चालला व्हिडिओ तर हा माणूस पुन्हा खोटा ठरणार, आणि या वेळी माझ्यामुळे.

चालला!

हिरो आला, कोट बाजूला केला, पिस्तुल टेबलावर ठेवलं. मी थांबवून झूम केलं. मामांनी हिरोकडे ढुंकूनही बघितलं नाही. "पॉलिश राह्यलं बघ कडंला," म्हणाले. "लई घाई केली होती साहेबानं. लाकूड बाभळीचं. मूठ मातर खुरप्याची दिली मी... हातात बसाया नको?"

पुण्याच्या सरांचा परदेशी कारखाना तिथेच बंद पडला.

मामींनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. जन्मभर ज्या खुणेवर तेल चोळलं ती त्यांना कोण शिकवणार? मग म्हणाल्या, "आवं... हे तर आपलं हाय."

"हाव," मामा म्हणाले. एवढंच. पण काय हसले राव...

पाचच मिनिटांत मामी उठून उभ्या राहिल्या आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायला लागल्या, "या या! टीव्हीतलं पिस्तुल केलेल्या सुताराच्या हातचे दांडे! खोटं वाटत असंल तर ह्या पोराकडं बघून घ्या!" मग काय... दुपारभर मी तिथंच. पन्नास वेळा तरी अकरावा भाग दाखवला असेल. बॅटरी संपली तेव्हा समोरच्या चहावाल्यानं चार्जर दिला. तो पण बघायला थांबला होता.

संध्याकाळी ग्रुपवर उत्तर टाकलं. मेक : मुखेड. मॉडेल : खुरपं. पुण्याच्या सरांनी आधी हसणारी आणि मग हात जोडलेली इमोजी पाठवली. मित्र अजून फोन उचलत नाहीये.

निघताना मामींनी एक मूठ बळंच बॅगेत घातली. मला ना शेत, ना खुरपं, ना धड एक पत्ता... पण ही मूठ कधी मोडली तर कुणाच्या दारात जायचं, ते मात्र पक्कं माहीत आहे.