वनिताताई आणि आमच्या एजंटची वही

आमच्या ऑफिसात चहाचे कप कमी आणि किस्से जास्त. कप फुटतात, किस्से साठत जातात. त्यातले निम्मे वनिताताईंचे, आणि उरलेल्या निम्म्यांत फजिती माझी!

रत्नागिरीत एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस आहे. आम्ही तिघं प्रोग्रामवाले. वनिताताई मूळच्या अंजनवेलच्या. ऑफिसची किल्ली, चहा, कुरिअर सगळं त्यांच्याकडे. आमचं ॲप म्हणजे फोनमधली वही. आता त्यात एजंट, म्हणजे एआयवर चालणारा मदतनीस, आलाय. त्याला तोंडी काम सांगायचं, तो वहीत नोंदी लिहितो, शोधतो, काढतो. प्रत्येक कामाला त्याच्याकडे एक टूल असतं, आणि कुठलं टूल कधी वापरायचं ते तो आम्ही लिहिलेल्या वर्णनावरून ठरवतो. ही वर्णनं लिहिते मी, शुभदा.

आमचे साहेब महेश यांचा एक नियम आहे. वर्णन आधी वनिताताईंना वाचून दाखवायचं. समोर खरी शंभर पानी वही, हातात पेन्सिल. जे लिहिलंय तेवढंच त्यांनी करायचं.

"आणि मला नाही कळलं तर?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तर शुभदाची चूक!" महेशसर म्हणाले.

"मग हरकत नाही," म्हणाल्या आणि ऐसपैस बसल्या.

* * *

पहिलं टूल नोंद बदलण्याचं; हा नियम येण्याआधीच ते चालू झालं होतं. मी लिहिलं होतं, "दिलेल्या नोंदीत नवा मजकूर लिहा." वहीत वाणसामानाची यादी होती. मी म्हटलं, यात गूळ टाका. वनिताताईंनी खोडरबर घेतलं, तूरडाळीपासून साबणापर्यंत सगळं पुसलं आणि मधोमध लिहिलं, 'गूळ'.

"अहो, बाकीचं का पुसलंत?"

"नवा मजकूर लिहा म्हणालीस. जुना ठेवा असं कुठं लिहिलंयस गो?"

मी हसले, पण महेशसर हसले नाहीत. आदल्याच दिवशी एजंटनं एका शिक्षकांचं वर्षाचं नियोजन पुसून तिथे नुसतं 'सहल' लिहून ठेवलं होतं!

* * *

मग एकदा मला साहित्यिक झटका आला. आठवण करून देणाऱ्या टूलला मी लिहिलं, "हे अत्यंत उपयुक्त, बहुगुणी व सुलभ टूल आहे."

वनिताताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "स्थळ आलंय काय? मुलगा गुणी, मुलगा मनमिळाऊ... आणि नोकरी कुठं ते शेवटपर्यंत सांगायचं नाही! काय येतं नि काय येत नाही, तेवढं सांग."

ते वाक्य महेशसरांनी भिंतीवर चिकटवलंय. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे कोणाचं? आम्ही चहाच्या ट्रेकडे बोट दाखवतो.

* * *

शोधायच्या टूलची गंमत वेगळीच. मी त्यांना 'डॉक्टर' शोधायला सांगितलं आणि कामाला लागले. जेवायची वेळ झाली तरी बाईंची वही उलटसुलट चालूच! अशी नोंद मुळात नव्हतीच. नाही सापडलं तर काय करायचं, ते मी लिहिलं नव्हतं. मग एक ओळ वाढवली, "नोंद नसेल तर नाही असं स्पष्ट सांगा आणि थांबा."

"ही ओळ झकास आहे," वनिताताई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या कंपनीला पाठव."

त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर खलाशी आहेत. गेले नऊ महिन्यांसाठी, त्याला आता वर्ष होऊन गेलं. कंपनीत फोन केला की उत्तर ठरलेलं, 'बघतो'. आम्ही मोठ्यानं हसलो आणि मग मला कसंतरीच झालं.

त्याच आठवड्यात आठवणीचं टूल पुन्हा तपासायला घेतलं. त्यांनी स्वतःच एक नोंद लिहिली, 'हे आले की घराला रंग'. तारखेची जागा मोकळी.

महेशसर म्हणाले, "तारीख माहीत नसेल तर विचारायची, असं लिही शुभदा."

"विचारायची कोणाला?" वनिताताई म्हणाल्या.

मी त्या दिवशी पुढे एक ओळ लिहू शकले नाही.

* * *

आणि एकदाच, घाईघाईत, मी वर्णन त्यांना न दाखवता चालू केलं. वही साफ करायचं टूल. "एकसारख्या नोंदी दिसल्या तर एक ठेवा, बाकीच्या काढा." आमच्या रिवाजाप्रमाणे ते आधी ऑफिसातल्या माणसांच्याच ॲपमधल्या वह्यांवर चाललं. म्हणजे वनिताताईंच्याही.

त्यांची आणि यजमानांची त्या ॲपवर एक सामाईक वही आहे. भर समुद्रात रेंज नसते. ते रोज काहीतरी लिहून ठेवतात, जहाज किनाऱ्याजवळ आलं की सगळं एकदम इकडे उतरतं.

त्या आठवड्यात वनिताताईंचं काहीतरी बिनसलं होतं. दोन दिवस चहा बिनसाखरेचा आला, आम्ही मुकाट्यानं प्यायलो. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा त्यांनी फोन पुढे केला.

"दीड महिन्यानं रेंज आली, आणि एक ओळ! मन उडालं असेल ह्यांचं."

'जेवलो. ठीक आहे.' खाली दीड महिन्यापूर्वीची तारीख.

काढलेल्या नोंदी ॲपच्या कचरापेटीत पडतात, ती मी उघडली. एक्केचाळीस नोंदी होत्या. प्रत्येकीत तेच, 'जेवलो. ठीक आहे.' एजंटनं माझं ऐकलं होतं. मी सगळ्या परत आणल्या, काय झालं ते सांगितलं, हात जोडून माफी मागितली.

त्यांचं लक्षच नव्हतं. स्टुलावर बसून त्यांनी पहिल्या तारखेपासून वाचायला सुरुवात केली. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. महेशसर हळूच म्हणाले, "अहो, सगळीकडे तेच..." मी त्यांचा हात दाबला.

शेवटची ओळ वाचून वनिताताईंनी मान वर केली. डोळे भरलेले, चेहरा नुसता फुललेला.

"बघ गो शुभदा, ह्यांनी केवढं लिहिलंनी!"