कॉइलवाली सिद्धम्मा

उदगीरला स्टेशनच्या रस्त्यावर संगप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पाटी संगप्पाच्या नावाची, पण लांबलांबून माणसं यायची ती त्याच्या बायकोच्या हातासाठी. सिद्धम्मा तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या भरायची. पंपाच्या मोटारी, पंखे, रेडिओतल्या नखाएवढ्या कॉइली, सगळं. तिचं माहेर बिदरकडचं. बोलणं मराठीत चाले, पण वेढे मात्र ती कानडीत मोजायची. मधेच कुणी हाक मारली तर तारेवर अंगठा दाबून धरायची, उत्तर द्यायची आणि जिथं थांबली तिथून पुढं मोजायची.

लातूर उस्मानाबादेपासून तुटून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी संगप्पानं पहिलं यंत्र केलं. दिवाळीत गेला होता हैद्राबादच्या जुन्या बाजारात; तिथं त्याला पलटणीच्या भंगारातले, बिनतारी यंत्रांचे मोठे काचेचे व्हॉल्व मिळाले. एका जुन्या मासिकातली आकृती त्याच्याजवळ होती. तीन महिने खटपट करून त्यानं दुकानात माइकपुढं शीळ घातली आणि समोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर ती वाजली. हॉटेलवाला बशी हातात घेऊन रस्त्यावर आला.

"लहानसं आकाशवाणी केंद्रच की हे," संगप्पा म्हणाला.

सिद्धम्मानं त्याच्याकडं बघितलं. रेडिओ ऐकायलाही त्या काळी पोस्टातून परवाना काढावा लागे. "अवो, ऐकायला लायसन लागतंय, मग बोलायला लागत नसंल का?"

संगप्पा हसला. "इतक्या लांब कोण विचारायला येतंय?"

कुणी आलं नाही. पहिलं यंत्र जत्रेतल्या तंबूच्या सिनेमावाल्यानं नेलं, दुसरं धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्यानं, सकाळचे भाव सांगायला. एका मठानं प्रवचनासाठी नेलं. तीन वर्षांत अकरा यंत्रं गेली. संगप्पाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यामुळं शेवटची चार जवळजवळ सिद्धम्मानंच जोडली. कोणत्या गुंडाळीला किती वेढे दिले की आवाज रेडिओच्या काट्यावर कुठं लागतो, हे तिला आकृती न बघता कळायला लागलं होतं.

बारावं यंत्र भुजंगनं मागितलं.

ते शहाऐंशी साल होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. तालुक्यातल्या बोअरांतून नुसती हवा येत होती, आणि भुजंगकडं गावोगाव पाणी पोचवायचा टँकरचा ठेका होता. तो जीपमधून उतरला, सिद्धम्माला वहिनी म्हणाला, पाण्याचा तांब्या पुढं केला तर नको म्हणाला. "पाणी तुमालाच पुरू द्या."

"बाया दिसभर रस्त्यावर घागरी घेऊन बसतात," त्यानं सांगितलं. "टँकर कवा येणार, कुणाला पत्ता नसतो. रोज सकाळी रेडिओवर गावाचं नाव अन् टाइम सांगितला तर त्यांचा दिवस वाचंल. तीस गावांत ऐकू यायला पायजे."

सिद्धम्माला ते पटलं. तिची धाकटी बहीण नीलम्मा बोळेवाडीला दिलेली. तीही तशीच रस्त्यावर बसत होती. सिद्धम्मानं चिनी मातीच्या पांढऱ्या नळीवर ब्याण्णव वेढे भरले. एवढी नीट गुंडाळी आपल्या हातून आधी झाली नव्हती, असं ती पुढं, नांदेडला आम्ही शेजारी राहत असताना, मला सांगायची, आणि सांगताना तिला त्याची लाज वाटायची.

सकाळच्या बातम्या संपल्या की काट्याच्या अगदी उजव्या टोकाला तो आवाज लागायचा. मऊ, सावकाश, शाळेत धडा वाचावा तसा. अमुक गाव, नऊ वाजता. तमुक गाव, साडेअकरा. पहिला महिनाभर टँकर खरंच त्या वेळेला आले. लोक भुजंगला दुवा देत होते.

मग एका सकाळी तोच आवाज म्हणाला, "आज हणमंतपूरला टँकर नाही. तिथल्या लोकांनी काल ड्रायव्हरशी हुज्जत घातली."

सिद्धम्माचा हात तारेवर थांबला. तिनं संगप्पाकडं बघितलं. तो मान खाली घालून स्क्रू पिळत राहिला.

पुढं गावांबरोबर माणसांची नावं यायला लागली. अमक्यानं तक्रार केली, म्हणून त्याच्या गावाला दोन दिवस पाणी नाही. तमक्यानं माफी मागितली, उद्या टँकर येईल. दुकानात रेडिओ दुरुस्तीला खूप येऊ लागले, पण माणसं पहिल्यासारखी गप्पा मारत बसेनात. वस्तू ठेवायची, आजूबाजूला बघायचं, निघायचं. एक म्हातारा म्हणाला, "लौकर दे बाई. सकाळी आपलं नाव आलं का न्हाई, हे कळाया पायजे."

वैशाखात बोळेवाडीचं नाव आलं. नीलम्माच्या नवऱ्यानं, अमृतरावानं, तहसीलला अर्ज दिला होता की टँकरचं अर्धं पाणी भुजंगच्या वीटभट्टीवर उतरतं. आवाजानं त्याचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. आठ दिवस पाणी बंद.

तिसऱ्या दिवशी गावानं नीलम्माला आडावर येऊ दिलं नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. बाया नुसत्या आडाभोवती कडं करून उभ्या राहिल्या. नीलम्मा दोर-बादली घेऊन शिवारातल्या पडक्या विहिरीत उतरली. तळाशी चिखलात थोडं पाणी होतं. वर येताना दगड निसटला.

बैलगाडीतून तिला उदगीरला आणलं. कमरेचं हाड मोडलं होतं. सिद्धम्मा खाटेशेजारी बसली, तेव्हा नीलम्मानं विचारलं, "अक्का, ते बोलायचं यंत्र तुमच्याच दुकानातनं गेलंय म्हणत्यात. खरं हाय का?"

सिद्धम्मानं तिचे पाय चेपायला घेतले.

पंधरा दिवसांनी भुजंगची जीप दुकानापुढं उभी राहिली. यंत्र बंद पडलं होतं, संगप्पाला बोलावलं होतं. संगप्पा घाबरला. "माझ्या डोळ्याला दिसत न्हाई," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. सिद्धम्मानं पिशवीत हत्यारं भरली, कोरी तार घेतली आणि जीपमध्ये बसली.

यंत्र वीटभट्टीमागच्या खोलीत होतं. दोन कडुलिंबांच्या मधे एरियलची तार ताणलेली. खोलीत पन्नाशीचा एक सडपातळ माणूस बसला होता, स्वच्छ धोतर, पुढ्यात चिठ्ठ्या. त्यानं नमस्कार केला आणि सिद्धम्माला आवाज लगेच ओळखू आला.

"मी अण्णाराव," तो म्हणाला. "मी काय, फक्त वाचतो, बाई. लिहिणारे ते."

व्हॉल्व गेला होता. तो बदलायला पाव तास पुरला असता. पण सिद्धम्मानं गुंडाळीला हात लावून बघितलं आणि भुजंगला म्हणाली, "ही बी तापलीय. पुन्यांदा भरावी लागंल."

"भरा की."

त्याच्यासमोर तिनं सगळी तार उतरवली आणि नवी भरायला घेतली. कानडीत मोजत होती. भुजंग शेजारी बाजेवर बसून तिच्या बोटांकडं बघत होता. "किती वेढे, वहिनी?"

तिनं अंगठा दाबून धरला. "जेवढे होते तेवढेच." आणि पुढं मोजू लागली. एकाहत्तरला तिनं तार तोडली.

वेढे कमी झाले की आवाज काट्यावर उजवीकडं सरकतो. इतके कमी झाले की काट्याच्या टोकापलीकडं जातो. साध्या रेडिओत तो लागतच नाही. पण यंत्राच्या अगदी जवळ रेडिओ धरला, तर काटा कुठंही असो, आवाज घुसतोच. हे सिद्धम्माला माहीत होतं, भुजंगला नव्हतं. अण्णाराव माइकवर बोलला, बाजेवरचा रेडिओ खणखणीत वाजला. भुजंग खूश झाला. तिला त्यानं परत दारापर्यंत सोडलं.

दुसऱ्या सकाळी तीस गावांत नुसती खरखर आली. लोकांनी रेडिओ आपटले, सेल बदलले. आवाज नाही म्हटल्यावर कुणाला कशाची शिक्षा झाली, हे कळायला मार्ग राहिला नाही, राग एकमेकांवर काढता येईना, आणि चार गावची माणसं मिळून तहसीलवर गेली.

पाचव्या दिवशी भर दुपारी भुजंग दुकानात आला. त्यानं आपला रेडिओ फळीवर ठेवला आणि चालू केला. खरखर. संगप्पा आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला.

"आवाज कुठं गेला, वहिनी?"

"हाय की. ह्या डब्यात त्याला जागा न्हाई."

रेडिओ तसाच चालू ठेवून भुजंगनं दुकानभर नजर फिरवली. "लातूरला आता कलेक्टर बसतो," तो म्हणाला. "बारा यंत्रं बिनपरवान्याची कुणी केली, त्याला अजून ठाऊक न्हाई. तुमच्या बहिणीची कंबर कशी हाय?" उत्तराची वाट न बघता तो गेला. रेडिओ फळीवरच राहिला. तो बंद करायला संगप्पा पुढं होईना. शेवटी सिद्धम्मानं केला.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं लातूरला कलेक्टर कचेरीत गेली आणि स्वतःच सगळं सांगितलं. बारा यंत्रं, कुणाकुणाला दिली, वीटभट्टीमागची खोली. लिहून घेणाऱ्या कारकुनानं दोनदा विचारलं, "बाई, ह्यात तुमचंही नाव येतंय, कळतंय का?" ती हो म्हणाली.

सरकारी माणसं भट्टीवर पोचली तेव्हा खोली रिकामी करून शेणानं सारवून ठेवलेली होती. लिंबांवर तार तेवढी राहिली होती. संगप्पाच्या दुकानात मात्र सगळं सापडलं. दुकानाला सील लागलं. दोघं नांदेडला भाड्याच्या खोलीत गेली, आणि सिद्धम्मा एका कारखानदाराच्या मोटारी भरू लागली. नीलम्मा काठी घेऊन चालायला लागली होती. सणाला बहिणी भेटायच्या, पण तो प्रश्न दोघींपैकी कुणी पुन्हा काढला नाही.

खटला लातूरच्या कोर्टात तीन वर्षं चालला. साक्षीला अण्णाराव उभा राहिला. त्यानं चष्मा लावला आणि त्याच सावकाश आवाजात सांगितलं की असं यंत्र आपण आयुष्यात एकदाच पाहिलं, संगप्पाच्या दुकानात. बाहेर पडताना तो सिद्धम्माजवळ क्षणभर थांबला. मग खाली बघून गेला.

दोघांना दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. पाच वाजेपर्यंत नवराबायको बाकावर बसून राहिली.

बाहेर आली तर फाटकाशी भुजंग उभा होता. अंगावर नवं खादीचं जाकीट. जिल्हा परिषदेला उभा राहणार असं लोक म्हणत होते. त्यानं जीपचं दार उघडलं. "बसा वहिनी. नांदेडलाच ना? सोडतो."

"बस हाय आमची."

"रस्ता तर एकच हाय," तो हसून म्हणाला.

एसटीत सिद्धम्मानं संगप्पाला खिडकीशी बसवलं. त्याला आता नीट दिसत नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नाही की जीप मागं येतेय. अहमदपूरला गाडी चहाला थांबली तेव्हा जीपही थांबली. गाडी निघाली, आणि लोह्याच्या अलीकडं केव्हातरी मागचा रस्ता मोकळा दिसू लागला. जीप कुठं वळली, तिनं पाहिलं नाही. नांदेड येईपर्यंत ती मागं वळून बघत राहिली.