कोपरावरची पांढरी भुकटी

“हा सोरायसिस आहे,” रोह्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “दुसऱ्याला लागतो का हो?”

“नाही. शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही. पण कोपर असं सोललंत कशानं?”

सांगायची लाज वाटली. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी बारा वर्षं डोळ्यांची आखणी करते. अंगावर कायम प्लास्टरची भुकटी असते. कोपरावरचे पांढरे पापुद्रे मी तीच भुकटी समजले, आणि मूर्तीला मारतो तो पॉलिश पेपर दोन महिने स्वतःलाच मारला. घासलं तेवढं पसरलं. बोटांच्या पेरांवर आलं तेव्हा धाबं दणाणलं. डॉक्टरही रोह्यातला गाठला, पेणमध्ये कुणी बघायला नको म्हणून.

बाईंनी कपाळाला हात लावला. या आजारात कातडी दुखावली की तिथेच नवा चट्टा उठतो म्हणे. तुमच्या अंगावर असं काही दिसलं तर घासू नका, दाखवा.

मग लिपिड प्रोफाइल करायला सांगितली, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा रोह्याच्या गाडीत बसले. निडी स्टेशन मागे गेलं तरी डोक्यात एकच, नानांना कळलं तर? नाना आमचे मालक. कुठल्या मूर्तीचे डोळे कुणी काढायचे, ते तेच ठरवतात. असल्या हातांना देवाचे डोळे कोण काढू देईल?

रिपोर्टात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, बरीच वाढलेली. चामडीच्या दुखण्यात चरबी कुठून आली?

बाई म्हणाल्या, “रोगाशी लढणाऱ्या टी सेल्स नावाच्या पेशी तुमच्याच कातडीवर उलटल्यात. त्यांनाही इंधन लागतं. चरबीचं गणित बिघडलं की त्यातल्या काही जास्त भडकतात, असं संशोधनात दिसतंय. नुसतं तेल कमी करून हे जाणार नाही. पण औषधाला मदत होईल.”

मलम, गोळ्या, दर महिन्याला रक्ताची तपासणी. रोज सकाळी उठून आधी बोटं बघायची. पेरं हळूहळू मऊ झाली, कोपर तसंच राहिलं. कारखान्यात मी उकाड्यातही लांब बाह्या घालून बसायचे.

एके दुपारी बाही मूर्तीच्या ओल्या डोळ्यावर घासली आणि काळा रंग गालभर फासला गेला. नाना मागेच उभे होते.

“बाही वर कर गो.”

बाही वर केली. “सोरायसिस हाय, नाना. कुनाला लागत नाय. डॉक्टरांनी सांगितलंय.”

नानांनी कोपर नीट पाहिलं. ओल्या फडक्यानं स्वतःच मूर्तीचा गाल पुसला आणि ब्रश माझ्या हातात दिला.

“मंग झाकत कशाला व्हतीस? काढ परत. दुसरा डोळा पन राह्यलाय.”

उघड्या हातानं दोन्ही डोळे काढले.