दुसऱ्यांदा भाजलेली ब्राऊनी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या बहिणीचा, शिंदखेड्याच्या अक्काचा. आई गेली तेव्हा तिनं सातवीतून शाळा सोडली. मी धुळ्याला कॉलेजात होतो तेव्हा रोज सकाळच्या एसटीत ती माझा डबा चढवायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या डब्यावर झाला.

आता मी जळगावला शाळेत शिकवतो. दिवाळीच्या आधी अक्का आमच्याकडे येते आणि मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर जाते. आपलं सामान द्यायचं, नानकटाई समोर भाजून घ्यायची, पत्र्याच्या डब्यात भरून आणायची. दुकानातल्या तयार मालावर तिचा विश्वास नाही.

यंदा ती भट्टीवर जाणार होती त्याच संध्याकाळी शाळेतले सहकारी चहाला येणार होते. मी ब्राऊनी, म्हणजे आतून ओलसरच असणारा चॉकलेटचा केक, आणून ठेवली होती. मी बाहेर गेलो असताना अक्कानं खोका उघडून एक वडी दाबून पाहिली. आतला ओला भाग बोटाला चिकटला. तिनं नानकटाईबरोबर तो खोकाही भट्टीवर नेला.

पाहुणे बसल्यावर तिनं ताटली आणली. वड्या काळ्याठिक्कर, विटेसारख्या.

"भाऊ, दुकानवालानी फसाडं तुले. आतमा कच्चं व्हतं. मी भाजीसन लयनू."

"सर, सोबत हातोडी पण द्या," एक सहकारी म्हणाले.

मी ओशाळलो आणि ते लपवायला मास्तरकी सुरू केली. ब्राऊनी मूळची अमेरिकेची. कुणी म्हणतं, एका हॉटेलच्या मालकिणीनं बायकांना डब्यातून नेता येईल असा छोटा केक करायला सांगितला. कुणी म्हणतं, केक करणारा बेकिंग पावडर घालायला विसरला, केक फुगलाच नाही, पण लोकांना तो आवडला. खरं काय, कुणालाच ठाऊक नाही. सगळे ऐकत होते, म्हणून मी पुढे बोललो, "अमेरिकेत चुकून पदार्थ झाला, आणि आमच्या अक्कानं त्याची पुन्हा चूक केली!"

सगळे हसले. अक्काही हसली. मग स्वयंपाकघरात तिनं माझ्या मुलीला विचारलं, "काय म्हने तुना बाप?" मुलीनं जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच अक्का निघून गेली. नानकटाईचा डबा ओट्यावर होता. भाऊबीजेला मी दरवर्षी तिच्याकडे जातो. या वेळी तिचा फोन आला, "यंदा नको येऊ भाऊ, कापूस वेचाना शे." पुढे काही बोलू दिलं नाही. मग मी तिला पत्र लिहिलं.

"अक्का,

मी सांगितलेली ती गोष्ट मला शाळेत कुणी शिकवली नव्हती. त्याच दुपारी मोबाइलवर वाचली होती. पहिल्यांदा ब्राऊनी खाल्ली तेव्हा मलाही ती कच्चीच वाटली होती. चारचौघांत तसं म्हणायची लाज वाटली म्हणून खाल्ली. तू भाजलीस, कारण तुला वाटलं माझी फसवणूक झाली.

त्या गोष्टीतला केक फसला, तरी लोकांनी तो खाऊन तरी पाहिला. तुझ्या वड्यांना त्या दिवशी कुणी हात लावला नाही, मीसुद्धा नाही. नंतर रोज चहात बुडवून खाल्ल्या. आज संपल्या.

भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं येतो आहे. कापूस असेल तर मीही वेचीन. ओवाळायचं की नाही, ते तू ठरव. मी तुझ्या दारातल्या ओट्यावर बसून राहीन."