नडीची बोली

कानातली मशिनं दुरुस्त करणारा त्या भागात हा एकच, म्हणून लोक त्याला कानवालाच म्हणायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. केसाएवढ्या तारा जोडायच्या, डोळ्यांना भिंग लावून. दिवसभरात चार-पाच मशिनं झाली तरी खूप, आणि गिऱ्हाइकं ही एवढी.

आधी सरळ मामला होता. जो जास्त पैसे देईल त्याचं काम पहिलं. एकाने दीडपट दिले की दुसरा दुप्पट काढायचा, आणि गरिबाचं मशीन धूळ खात पडायचं. बायकोला ते बघवेना. "पैशाचं सोड, माणसाची नड बघ जरा," ती म्हणाली. त्यालाही ते पटलं. ज्याची नड मोठी, त्याचं काम आधी.

झालं! लोक काय कमी वस्ताद असतात? पैशांची बोली बंद झाली आणि रडगाण्यांची सुरू झाली. एकाची मुलाखत उद्या, तर दुसऱ्याची आजच. एका बाईने सासऱ्यांना दोनदा मरणाच्या दारात नेऊन बसवलं. तिसऱ्या खेपेला सासरे स्वतःच मशीन घेऊन आले, चांगले धडधाकट. कानवाला हसला खरा, पण तेव्हापासून कुणी काहीही सांगो, हा मनातल्या मनात त्यातलं निम्मं वजा करायला लागला.

अशातच एक निवृत्त मास्तर आले. "सवडीने करा. बायकोचं बोलणं ऐकू येत नाही, एवढंच." यातलं निम्मं वजा केल्यावर उरतं काय? मशीन डब्याच्या तळाशी गेलं. मास्तर मधे दोनदा डोकावले आणि गर्दी बघून तसेच मागे फिरले.

पुढे कधीतरी मशीन तयार झालं, निरोप गेला, मास्तर आले. कानवाल्याने खुणेनेच सांगितलं, घालून बघा.

"राहू दे. ही गेली मागच्या आठवड्यात."

"अहो, आजारी होत्या हे सांगायचं नाही का आधी?" कानवाला ओरडलाच जवळजवळ, मास्तरांना ऐकू जावं म्हणून, आणि स्वतःची लाज वाटत होती म्हणूनही.

"सगळ्यांनाच घाई दिसली इथे," मास्तर म्हणाले. "तिचा आवाज पार खोल गेला होता. लिहून दाखवायचं बळ नव्हतं. माझा हात धरून सारखी काहीतरी सांगायची. तिला वाईट वाटू नये म्हणून मी आपली मान हलवत राहिलो. कशाकशाला हो म्हणून बसलोय, ते आता कुणाला विचारू?"